न पाहिलेलं चित्र नुसत्या शब्दांवरून काढता येईल का?

तिरपी रेघ
शनिवारी दुपारी माझ्याकडे चित्रकलेला नऊ मुलं येतात, पाचवी ते आठवीतली. गेल्या महिन्यात त्यांचा एक खेळ घेतला. एकाने चित्रासमोर बसायचं आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे पाठ करून, तो सांगेल तसं काढायचं. बैलगाडी, झाड आणि कौलारू घर असलेलं चित्र दिलं तेव्हा सगळ्यांना बऱ्यापैकी जमलं. ‘बैलगाडी’ हा शब्द कानावर पडला की प्रत्येकाच्या मनात एक बैलगाडी आधीपासून उभी असतेच.

मग मी माझंच एक अमूर्त चित्र समोर ठेवलं. सांगणारी मुलगी सातवीतली, एरवी तिचं तोंड बंद नसतं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “बाई, याला काय म्हणायचं?”

मला उत्तर देता आलं नाही. चित्र मी काढलेलं आहे, दोन वर्षं माझ्या घरात भिंतीवर आहे, आणि ते समोर नसलेल्या माणसाला कसं सांगायचं ते मला माहीत नाही! म्हणून या मंचावर हा चर्चेचा धागा. चित्राचा फोटो मी अगदी शेवटी टाकेन. खालचं वर्णन वाचून ज्यांना जमेल त्यांनी चित्र काढा आणि इथे द्या. ए-४ कागदावर १८ बाय २४ सेंमीची उभी चौकट आखलीत तर प्रमाण बरोबर येईल. रंग कुठलेही चालतील, खडू असले तरी हरकत नाही.

वर्णन असं: कॅनव्हास उभा, ४५ सेंमी रुंद आणि ६० सेंमी उंच. सगळीकडे पावसाळी आभाळासारखा राखाडी रंग आहे आणि ढगांमागून ऊन यावं तसा मधूनमधून पिवळा दिसतो. डावीकडे वरून खाली आलेला एक काळा खांब, किंचित कललेला. उजवीकडे खाली विटकरी रंगाची मोठी खिडकी, तिचा एक कोपरा फाटलेला. आणि ताणलेल्या तारेसारखी एक बारीक पांढरी रेघ, डावीकडून उजवीकडे चढत जाणारी.

उंबरठा
काढलं! शाळा सुटल्यानंतर आज पहिल्यांदा रंग हातात घेतले. फोटो जोडला आहे. खिडकीला गज काढावेत की नाही ते कळेना, शेवटी काढले.

ओळंबा
माझंही जोडतो. ‘किंचित कललेला’ म्हणजे नक्की किती, आणि कुठल्या बाजूला? मी खालचं टोक डावीकडे नेलं आहे. इमारतीच्या कामावर ‘किंचित’ हा शब्द आम्ही कुणाला वापरू देत नाही.

काठपदर
वाचते आहे. रविवारी काढून टाकते. राखाडी नक्की कुठला? राखेचा, पाटीचा की उंदरी?

तिरपी रेघ
चार दिवसांत अकरा चित्रं आली. सगळ्यांचे मनापासून आभार. आज सगळी शेजारी शेजारी ठेवून बघितली आणि खूप वेळ नुसती बसून राहिले.

अकरापैकी सात जणांनी विजेचा खांब काढला आहे. त्यातल्या तिघांनी पांढरी रेघ त्याच खांबाला तार म्हणून जोडली आहे. खिडकीला चार ठिकाणी गज आहेत आणि एका ठिकाणी पडदासुद्धा. दोघांनी पाऊस पाडला आहे. एकाने चिमण्या बसवल्या आहेत, आणि त्या सुंदर आहेत.

यात तुमची चूक काहीच नाही. मी जे लिहिलं तेच तुम्ही काढलंत. माझ्या चित्रात खांब नाही, खिडकी नाही, तार नाही. आभाळही नाही. ‘सारखं’ म्हणून मी जे जे आणलं ते सगळं खरोखरच येऊन बसलं. अमूर्त चित्र सांगताना पहिली चूक हीच होते. आकाराला नाव नसतं म्हणून आपण जवळच्या वस्तूचं नाव उसनं घेतो आणि ती वस्तू मग परत जात नाही.

आता ‘सारखं’ हा शब्दच न वापरता कसं सांगावं? सुचवा.

उंबरठा
यावर माझ्याकडे एक उपाय आहे. तो माझा नाही, आईचा आहे.

माझी वहिनी बडोद्याला असते आणि मी साताऱ्यात. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आम्ही फोनवर रांगोळ्या देतो-घेतो. आता फोटो पाठवता येतात, पण सवय जुनी आहे. ‘पंधरा ते आठ, मधले ठिपके’ एवढं म्हटलं की काम झालं. म्हणजे मधली ओळ १५ ठिपक्यांची, आणि वर-खाली प्रत्येक ओळीत एकेक ठिपका कमी करत ८ पर्यंत यायचं, प्रत्येक ठिपका आधीच्या दोहोंच्या मधोमध. मग नुसतं सांगत जायचं, तिसऱ्या ओळीतला चौथा ठिपका खालच्या पाचव्याला जोड. मोर होणार की कमळ होणार ते सांगायचं नाही, नाहीतर समोरचा माणूस हात आपल्या मनाने फिरवायला लागतो. आई हे कायम बजावायची: “आधी ठिपके जोड. काय झालं ते मग बघ.”

ज्यांना ठिपके सरळ येत नाहीत त्यांच्यासाठी आमच्याकडे उदबत्तीने भोकं पाडलेला कागद होता. तो अंगणात ठेवायचा, वरून रांगोळी पसरायची, कागद अलगद उचलायचा. सगळ्या घरांत एकच कागद फिरला की सगळ्यांचे ठिपके सारखे यायचे.

ताई, तुमच्या चित्रावर ठिपके घाला.

ओळंबा
उंबरठा यांना +१०१. आणि हे चित्रकलेत फार आधी होऊन गेलेलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

लाझ्लो मोहोली-नाग्यी नावाचा हंगेरियन चित्रकार १९२३ मध्ये जर्मनीत वायमारला बाउहाउस या कलाशाळेत शिकवायला आला. त्याच वर्षीची त्याची तीन चित्रं आहेत, धातूच्या पत्र्यावर इनॅमलची. जुन्या घरांवर आणि रस्त्यांवर आपल्याकडे निळ्या इनॅमलच्या पाट्या असायच्या ना, तशा पाट्या बनवणाऱ्या कारखान्यातून त्याने ती करून घेतली. स्वतः ब्रश लावलाच नाही. तिन्ही चित्रांत रचना एकच, आकार वेगळे. सर्वांत मोठं साधारण ९५ सेंमी उंच, मधलं त्याच्या निम्मं आणि धाकटं आणखी निम्मं, २४ सेंमीचं. मधलं आणि धाकटं आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहेत.

पुढे त्याने लिहिलं की ही चित्रं मी टेलिफोनवरून सांगितली. त्याच्यासमोर कारखान्याचं रंगांचं कार्ड होतं आणि चौकटींचा कागद होता, पलीकडे कारखान्यातल्या माणसासमोरही तसाच कागद होता. टपालाने बुद्धिबळ खेळावं तसं झालं, असं त्याने म्हटलं आहे. त्याची पहिली पत्नी लुसिया मात्र सांगायची की तो स्वतः जाऊन सांगून आला होता, आणि चित्रं हातात आल्यावर आनंदाने म्हणाला की हे तर फोनवरूनही जमलं असतं.

मला दोन्ही गोष्टी पटतात. फोन केला की नाही याला माझ्या लेखी फार महत्त्व नाही. दोन्हीकडे एकच कागद आणि एकच रंगांचं कार्ड होतं, त्यामुळे फोन करणं शक्य होतं. आपल्याकडे पहिल्या फेरीत दोन्ही नव्हतं. उंबरठांच्या आईचा भोकांचा कागद म्हणजे तोच चौकटींचा कागद.

कोरा कागद
‘चौकोन’ म्हणतानाही जपून म्हणा. मालेविच या रशियन चित्रकाराचं १९१५ चं ‘काळा चौरस’ हे चित्र सगळे चौरस म्हणूनच ओळखतात. कॅनव्हास ७९.५ सेंमीचा, पण आतल्या काळ्या आकाराच्या बाजू काटेकोर समांतर नाहीत. चौरस म्हणून पट्टीने आखलात तर दुसरंच चित्र होईल.

तिरपी रेघ
काल रात्री कॅनव्हास भिंतीवरून उतरवला आणि मोजपट्टी घेऊन बसले. दर ५ सेंमीला एक ठिपका धरला. आडवे १० ठिपके, उभ्या १३ ओळी, कडेचे धरून. तुमच्या १८ बाय २४ च्या चौकटीत दर २ सेंमीला ठिपका द्या. ठिपके डावीकडून मोजायचे, ओळी वरून.

काळी पट्टी: वरच्या कडेवर तिसऱ्या ठिपक्यापासून सुरू होते, जाडी दोन ठिपक्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून थोडी जास्त. खाली नवव्या ओळीपर्यंत येते. तिथे तिची डावी कड तिसऱ्या आणि चौथ्या ठिपक्याच्या मधोमध असते. म्हणजे पट्टी खाली येता येता उजवीकडे सरकते.

विटकरी आकार: सहाव्या ठिपक्यापासून नवव्यापर्यंत, नवव्या ओळीपासून बाराव्यापर्यंत. चारी बाजू सारख्या. वरचा उजवा कोपरा नाही.

पांढरी रेघ: डाव्या कडेवर अकराव्या ओळीपासून उजव्या कडेवर आठव्या ओळीपर्यंत, सरळ. जाडी ३ मिलिमीटर.

मोजताना एक गोष्ट कळली. काळी पट्टी जिथे संपते त्याच ओळीवर विटकरी आकार सुरू होतो. नेमका नवव्या ओळीवर. हे मी ठरवून केलेलं नव्हतं, आणि दोन वर्षांत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. चित्र मला ‘बसल्यासारखं’ का वाटायचं, त्याचं निदान एक कारण मला आज सापडलं, तेही दुसऱ्याला सांगायला लागल्यामुळे.

ओळंबा
४० सेंमीत अडीच सेंमी. सोळाला एक. आता कळलं ‘किंचित’ म्हणजे किती. माझी पट्टी उलट्या बाजूला होती.

काठपदर
दुसऱ्या फेरीचं माझं चित्र टाकते आहे. आतापर्यंत आलेली बाकीचीही बघितली. जागा सगळ्यांच्या बरोबर आल्या आहेत, पण नऊ चित्रांत राखाडी नऊ प्रकारचा आहे. माझ्या आजोबांपासून आमचं साड्यांचं दुकान आहे, म्हणून रंगांबद्दल मला थोडं बोलू द्या.

आपल्याकडे रंगांची नावं भरपूर आहेत आणि ती नेमकी आहेत. गिऱ्हाईक ‘जांभळा’ म्हणालं तर मी दहा साड्या काढते. ‘आमसुली’ म्हणालं तर दोनच. ‘वांगी’ म्हणालं तर वेगळ्या दोन. डाळिंबी, राणी, गुलबक्षी हे तिन्ही दुरून गुलाबी-लालच आहेत, पण त्यांची आपसात चूक कुणी करत नाही. काही नावं मात्र दगा देतात. ‘चिंतामणी’ म्हटलं की एका घरातल्या दोन बहिणी वेगवेगळ्या निळ्यावर बोट ठेवतात, हे मी कितीदा पाहिलं आहे. म्हणजे ज्या नावामागे रोज हाताळायची वस्तू आहे ते नाव टिकतं. आमसूल सगळ्यांच्या स्वयंपाकघरात असतं.

आता माझा मतभेद. ताई, तुम्ही ‘सारखं’ शब्दच टाकून दिलात, ते मला पटलं नाही. ‘पावसाळी आभाळासारखा’ म्हटल्यावर आम्ही आभाळ काढलं, खरं आहे. पण समजा तुम्ही ‘धूपछाव’ म्हणाला असतात तर? धूपछाव साडीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. एक रंग दुसऱ्यावर फासलेला नसतो. दोन्ही तिथेच असतात आणि हलवाल तसा कधी हा वर येतो, कधी तो. तुमचा पिवळा राखाडीत कसा आहे, हे मला अजून कळलेलं नाही. ठिपक्यांसारखा? डागांसारखा? की सगळीकडून थोडा थोडा? ठिपक्यांचा कागद हे सांगू शकत नाही. वस्तूची उपमा नको, पण वस्तू बनते कशी त्याची उपमा घ्यायला काय हरकत आहे?

तिरपी रेघ
काठपदर, तुमचं बरोबर आहे आणि मी घाईने बोलले. पिवळा सगळीकडे खाली आहे आणि राखाडी पातळ आहे तिथून तो जाणवतो. धूपछाव हा त्याला फार जवळचा शब्द आहे. राखाडी पाटीचा, पाटी ओल्या फडक्याने पुसून वाळत आल्यावर दिसतो तो.

कोरा कागद
विषय छान चालला आहे, पण मला एक शंका मांडायचीच आहे. ठिपके, मापं, रंगांची नावं हे सगळं रचनेचं झालं. चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रासमोर उभं राहून काय मोजाल? नागपुरात जन्म, वाढले गिरगावात, १९४८ ला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून डिप्लोमा. या माणसाने पुढे आयुष्यभर आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणंसुद्धा नाकारलं, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे कुठल्याच वस्तूचं नसलेलं, म्हणा म्हणायचे. बहुतेक चित्रांना शीर्षक नाही. शब्दांना दाराबाहेर ठेवण्यासाठीच त्यांनी इतकं केलं आणि आपण तिथे शब्द घेऊन जातो आहोत. तुमच्या चित्रात तीन आकार आहेत म्हणून हा प्रयोग चालला. जिथे आकारच नाही तिथे सांगणाऱ्याने गप्पच बसावं, असं मला मनापासून वाटतं.

दूरदेशी
कोरा कागद यांची शंका मी प्रत्यक्ष भोगली आहे. मी न्यू जर्सीत राहतो. २०१४ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात गायतोंड्यांचं मोठं प्रदर्शन सुरू झालं. ते पाहून आलो आणि रात्री आईला फोन केला. आई तेव्हा रत्नागिरीत होती. तिने विचारलं, “काय काढलंय त्यात?” मी म्हटलं, “काही नाही काढलेलं.” ती थांबली, आणि मग म्हणाली, “मग तू दोन तास काय बघत होतास?”

मी कसंबसं सांगायला लागलो. मोठा कॅनव्हास, एकच रंग, पण त्या रंगाच्या आत खोली, पाण्यात खाली काहीतरी असल्यासारखं. तिला काही दिसत नव्हतं, हे आवाजावरून कळत होतं. मग मी वाचलेलं सांगितलं की ते रोलरने आणि पॅलेट नाइफने रंग लावायचे, थरावर थर, मधले थर काढायचे, कागदाचे तुकडे दाबून रंग उतरवायचे. तिथे आईचा आवाज एकदम बदलला. “म्हणजे भिंत खरवडून पुन्हा चुना दिल्यावर जुना रंग मधूनच दिसतो, तसं का?” मी म्हटलं, हो, हो, अगदी तसं. आमच्या घराची माजघराची भिंत तशी होती. पुढे तिला काहीही सांगावं लागलं नाही.

म्हणून मला वाटतं गप्प बसायची गरज नाही. चित्र कसं दिसतं हे सांगताना मी अडकलो होतो. ते कसं झालं हे सांगितल्यावर आईच्या हाताला ते कळलं.

याच्या दुसऱ्या टोकाला सॉल लेविट हा अमेरिकन कलाकार आहे. त्याने १९६८ पासून भिंतीवरची चित्रं केली, म्हणजे सूचना लिहिल्या, आणि त्या बघून भिंतीवर काढायचं काम बहुतेकदा दुसऱ्यांनी केलं. १९७१ च्या एका चित्राची सूचना साधारण अशी आहे: भिंतीवर कठीण पेन्सिलीने कुठेही पन्नास बिंदू द्या, ते भिंतभर सारखे विखुरलेले असू देत, आणि सगळे बिंदू एकमेकांना सरळ रेषांनी जोडा. उंबरठा यांना हे वाचून आपलं अंगण आठवेल. मॅसॅच्युसेट्समध्ये नॉर्थ ॲडम्स या गावी जुन्या कारखान्याच्या इमारतीत त्याची १०५ भित्तिचित्रं २००८ पासून आहेत आणि २०४३ पर्यंत राहणार आहेत. लेविट २००७ मध्ये गेला. चित्रं दुसऱ्यांच्या हातांनी झाली तरी ती त्याचीच आहेत.

कानोसा
नमस्कार. मी इथे नेहमी वाचतो, लिहितो क्वचित. म्हणजे स्क्रीनरीडर मजकूर वाचून दाखवतो आणि मी ऐकतो. २२ वर्षांचा होईपर्यंत मला दिसत होतं, त्यामुळे विटकरी, आमसुली हे शब्द माझ्यासाठी रिकामे नाहीत. मात्र पाटीचा राखाडी आठवायला आता थोडं थांबावं लागतं.

या धाग्यात मी पहिल्या दिवसापासून आहे, कारण इथे तिरपी रेघ सोडल्या तर चित्र कुणीच पाहिलेलं नाही. एरवी फोटो असतो, खाली दोनशे प्रतिक्रिया असतात आणि चित्रात काय आहे ते कुणीच लिहीत नाही. लिहिलंच तर ‘रंगीत अमूर्त चित्र’.

मीही तुमचं चित्र करतो आहे. जाड पुठ्ठा, लोकर, सुती कापड, सॅंडपेपर. ठिपक्यांच्या जागी टाचण्या लावल्या. भाची मदतीला आहे, पण तिला फक्त कात्री आणि डिंक दिला आहे. एका जागी अडलो, म्हणून विचारतो.

पांढरी रेघ विटकरी आकाराला छेदून जाते, त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून. ठिपक्यांवरून ते बरोबर निघतं. पण तिथे रेघ वर आहे की आकार वर आहे? डोळ्यांना कदाचित फरक पडत नसेल. मला मात्र आधी काय चिकटवायचं ते माहीत हवं. आणि राखाडीच्या मानाने रेघ उंच आहे की खोल?

तिरपी रेघ
कानोसा, तुमचा प्रश्न वाचून मी उठले आणि चित्रावरून बोट फिरवलं. स्वतःच्या चित्राला असा हात मी कधी लावला नव्हता.

रेघ खोल आहे.

मी ती रंगवलेलीच नाही! मला आता सगळं आठवलं. कोऱ्या कॅनव्हासवर सगळ्यात आधी मी मास्किंग टेपची बारीक पट्टी लावली होती. त्यावरून पिवळा, त्यावरून राखाडी, आणि मग टेप ओढून काढली. पांढरी रेघ म्हणजे कॅनव्हासचा मूळ कोरा भाग. सगळ्या चित्रात सर्वांत खालची वस्तू ती आहे, आणि मी पहिल्या वर्णनात तिला शेवटी, सगळ्यावरून गेलेली तार म्हणून सांगितलं. दोन्ही फेऱ्यांतल्या सगळ्यांनी ती पांढऱ्या रंगाने वरून ओढली आहे. फक्त तुम्ही विचारलंत.

विटकरी आकार नंतरचा, म्हणून तो रेघेच्या वर आहे. तिथे रेघ दिसेनाशी होते, पण बोटाला बारीक खाच लागते. आणि रेघेच्या दोन्ही काठांना रंगाची छोटी कड उभी आहे, टेप ओढताना राहिलेली.

तिसऱ्या फेरीचं वर्णन आता झालं त्या क्रमानेच लिहिते. जागांसाठी वरचे ठिपके तसेच ठेवा.

आधी कोऱ्या कॅनव्हासवर टेप लावली, डावीकडून उजवीकडे चढती. सगळ्यावर पिवळा ॲक्रिलिकचा एक हात दिला, हळदीचा पिवळा, त्यात किंचित पांढरा. तो पूर्ण वाळू दिला. मग पाटीचा राखाडी, पाणी घालून पातळ केलेला, रोलरने उभा फिरवला. रोलरमधला रंग संपत आला तरी परत न बुडवता तसाच ओढत राहिले, त्यामुळे वरच्या बाजूला राखाडी दाट आहे आणि खाली विरळ. पिवळा खालच्या तिसऱ्या भागात जास्त जाणवतो. राखाडी ओला असतानाच टेप ओढली. वाळल्यावर काळी पट्टी, लांबी (पुटी) लावायच्या पट्टीने एका दमात वरून खाली. ती पट्टी लावताना माझा हात नवव्या ओळीपाशी उचलला गेला, म्हणून खालचं टोक सरळ कापलेलं नाही, तिथे रंगाचा जाड गोळा आहे. सर्वांत शेवटी विटकरी, ब्रशने, दाट. तो ओला असताना वरच्या उजव्या कोपऱ्यावर वर्तमानपत्राचा तुकडा दाबला आणि उचलला. कोपरा फाटलेला नाही, उचललेला आहे. खालचा राखाडी तिथे दिसतो आणि त्यावर विटकरीचे ठसे राहिले आहेत.

उंबरठा
आधीची दोन्ही चित्रं बाजूला ठेवली आणि हे नव्याने केलं. टेप ओढून काढली आणि खालची रेघ आपोआप दिसली तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली. रांगोळीत आम्ही पांढरं वरून घालतो. न घालता पांढरं ठेवायचं, हे माझ्या हाताला नवीन आहे.

कोरा कागद
मी तिसऱ्या फेरीत चित्र काढलं. पहिल्या दोन फेऱ्यांत काढलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. रोलर नव्हता, लाटण्याला जुना पायमोजा गुंडाळला. राखाडी संपत जाताना खालून पिवळा यायला लागला त्या क्षणी मी थांबलो, कारण मला तो थांबवावा असं वाटलं. तुमच्या चित्रात तो किती आला आहे ते मला माहीत नव्हतं. तरी मी कुठे थांबायचं ते ठरवू शकलो. गायतोंड्यांबद्दलचं माझं म्हणणं मी अजून मागे घेत नाही. पण दूरदेशींच्या आईच्या भिंतीवर मी आठवडाभर विचार करतो आहे.

काठपदर
तिसऱ्या फेरीची आठ चित्रं शेजारी ठेवली. सारखी नाहीत, पण एका घरातली दिसतात.

कानोसा
पुठ्ठा पूर्ण झाला. भाचीने काढलेला फोटो जोडला आहे, तोही कसा आहे ते सांगतो. खाली पुठ्ठा कोरा. त्यावर पिवळ्या सुती कापडाचे दोन तुकडे, मध्ये रेघेएवढी फट. कापडावर राखाडी लोकर, उभी, वर दाट लावलेली आणि खाली एकेक धागा सोडत विरळ केलेली. काळी पट्टी सॅंडपेपरची, खालच्या टोकाला डिंकाचा गोळा वाळू दिला. विटकरी तुकडा जाड लोकरी कापडाचा, फटीवरून गेलेला. कोपरा कात्रीने कापला नाही, धागे उसवून काढले. तो तुकडा तुमच्यापेक्षा मोठा झाला असावा. लोकरी कापड डिंकाने पसरलं, मला ते दुसऱ्या दिवशी बोटांना कळलं. तसंच ठेवलं.

तिरपी रेघ
मूळ चित्राचा फोटो टाकला आहे. शेजारी कानोसा यांचा पुठ्ठा ठेवून पाहिला. विटकरी खरंच मोठा आहे, उजव्या कडेच्या जवळ गेला आहे, आणि त्यामुळे त्याचं वजन माझ्या चित्रातल्यापेक्षा जास्त वाटतं. काळ्या पट्टीला ते पेलतं. माझ्या चित्रात पट्टी थोडी एकटी आहे, हे मला त्यांचा पुठ्ठा बघून कळलं.

काल शनिवार होता. मुलांना सगळ्या फेऱ्यांची चित्रं दाखवली आणि त्याच मुलीला पुन्हा खुर्चीत बसवलं, वेगळ्या चित्रासमोर. ती चित्राच्या अगदी जवळ गेली, बाजूने वाकून पाहिलं, आणि मग पाठ केलेल्या मुलांना म्हणाली, “आधी सगळा कागद ओला करा.” चित्र जलरंगातलं होतं आणि ते खरंच ओल्या कागदावर केलेलं होतं.

उंबरठा
पुढचं मी देऊ का? कॅनव्हास नाही, आमच्या दारातली जुनी फळी आहे, आईच्या हातची. ठिपके उद्या मोजून टाकते. सगळ्यात खाली काय आहे ते आज सांगते. सगळ्यात खाली गेरू. दोन हात, दुसरा पहिला वाळायच्या आत दिलेला, म्हणून डाव्या बाजूला बोटांचे चार पट्टे दिसतात.